शिलारस, आमरस आणि आईचा पाटा

"आत्या, शिलारस आणि लाव्हारस यांत फरक काय गं?" भाचीची नववीची परीक्षा तोंडावर होती आणि माझ्या हातात आमरसाची वाटी.

जमिनीच्या पोटात असतो तोवर शिलारस, बाहेर आला की लाव्हारस. "म्हणजे सालीत गर, वाटीत रस," ती म्हणाली. पेपरात असलं काही लिहू नकोस, एवढं मात्र बजावलं.

पुढचा शब्द अपिकेंद्र. भूकंप खोलवर जिथे सुरू होतो ती नाभी आणि तिच्या बरोबर डोक्यावरचं जमिनीवरचं ठिकाण ते अपिकेंद्र. शाळेत मला हा छपाईचा घोळ वाटायचा. संस्कृतात 'अपि' म्हणजे 'सुद्धा', मग हे 'केंद्रसुद्धा' काय प्रकरण? पुष्कळ वर्षांनी कळलं की ग्रीकमधल्या 'एपि'चं, म्हणजे 'वर'चं, हे सख्खं भावंड. केंद्र तर ज्योतिषाचं बोट धरून ग्रीकमधूनच संस्कृतात आलेलं. ज्या शब्दाला बोजड संस्कृत म्हणून नाकं मुरडली, त्याचं आजोळ असं निघालं!

ज्वालामुखीची गंमत उलटी. ही मुळात देवी, हिमाचलात कांगड्याची. तिच्या देवळात खडकातून ज्योती निघतात, पण त्या नैसर्गिक वायूच्या. लाव्ह्याचा तिथे थेंब नाही. आपला जागता ज्वालामुखी तिकडे अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटावर.

भूकंपाच्या लहरींवर मात्र गाडी अडली. प्राथमिक आधी पोचतात, दुय्यम मागून. हे काही केल्या तिच्या लक्षात राहीना. तेवढ्यात आई लसूण सोलता सोलता म्हणाली, "आधी घुमतं, मग हलतं."

आईचं माहेर पाटणचं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. धरणात पाणी साठू लागल्यापासून त्या भागात लहान धक्के बसतच होते. त्यामुळे घरात नियम एकच: घुमलं की अंगणात, भांडी वाजायची वाट बघायची नाही. घुमणं आणि हलणं यांत सवड किती मिळते, विचारलं तर म्हणाली, "पोराला उचलण्याइतकी. कधी तेवढीही नाही." नाभी जितकी जवळ, तितकं हे अंतर कमी, पुस्तकात हेच आलेख काढून दिलंय. अजूनही ती जड डबे वरच्या फळीवर ठेवू देत नाही. पाटा तर कायम जमिनीवरच.

भाचीने पुस्तकातलं बसाल्टचं चित्र पाहिलं, मग पाट्यावरून हात फिरवला. काळा, बारीक कणांचा, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्ह्याचाच हा तुकडा.

"आजी, हा लाव्हा आहे!"

"असेल. टाकी लावायला झालाय," आई म्हणाली, "चटणी नुसती सरकते त्याच्यावर."