आतड्याच्या मूलपेशी: उपवास आणि पारणं

लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. हे काम रसांकुरांच्या (अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या) पायथ्याशी, क्रिप्ट नावाच्या सूक्ष्म खळग्यांत बसलेल्या मूलपेशींचं. २००७ साली हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने एलजीआर५ या खुणेवरून त्या नेमक्या ओळखल्या. मग आहार बदलला की त्यांचं काय होतं, हे थेट पाहता येऊ लागलं.

एमआयटीतल्या ओमर यिल्माझ यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की उंदीर २४ तास उपाशी राहिला की या पेशी चरबी जाळू लागतात आणि त्यांची ऑर्गनॉइड, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं छोटं आतडं, घडवण्याची क्षमता वाढते. त्यावरून ‘उपवासाने आतडं ताजंतवानं होतं’ असे मथळे आले. पण त्याच गटाचं २०२४ चं काम मला जास्त मोलाचं वाटतं. उपवास चालू असताना पेशींचं विभाजन मंदावतं; खरी उसळी येते ती पारण्यानंतर. पुन्हा अन्न मिळालं की एमटॉरसी१ हे पेशीच्या वाढीचं बटण जागं होतं, पॉलिअमाइन्स हे वाढीला लागणारे छोटे रेणू वाढतात आणि प्रथिनं धडाक्याने बनतात. नेमक्या याच वेळी गाठींना आवर घालणारं एपीसी जनुक निकामी केलं, तर कायम खाणाऱ्या किंवा अजून उपाशी असलेल्या उंदरांपेक्षा गाठी जास्त होतात. दुरुस्तीचा वेग आणि धोका एकाच क्षणी वाढतात.

म्हणून असं संशोधन वाचताना आधी पाहा: नमुना उपवासात घेतला की पारण्यानंतर, आणि किती तासांनी? दुसरं, तुलनेचा आहार कोणता? साठ टक्के उष्मांक चरबीतून देणाऱ्या खाद्याची तुलना साध्या धान्याच्या गोळ्यांशी केली, तर चरबीबरोबर तंतूही बदलतात. मग परिणाम कशाचा, ते कळत नाही.

ऑर्गनॉइडची मोजणीही फसवी असते. क्रिप्ट सुटे करायला आतडं थंड ईडीटीएत (पेशींमधली पकड सैल करणाऱ्या रसायनात) ठेवतात. वेळ जास्त झाला तर क्रिप्ट विस्कटतात. एकट्या पडलेल्या मूलपेशी वाय-२७६३२ हे त्यांना जगवणारं रसायन घातल्याशिवाय बहुतेक मरतात. ऑर्गनॉइड ज्यात वाढवतात ते मॅट्रिजेल हे जेल बर्फावरून काढून ठेवलं तर ते आधीच घट्ट होतं आणि थेंब नीट बसत नाहीत. अशा चुका एकाच गटात झाल्या, तर तो आहाराचा परिणाम वाटू शकतो.

एकादशीचा उपवास या हिशेबात धरू नये. साबुदाण्याची खिचडी म्हणजे भरपूर स्टार्च, शिवाय शेंगदाणे आणि तूप. प्रयोगातले उंदीर फक्त पाण्यावर होते, आणि उंदराचा चयापचय इतका वेगवान की त्याचे २४ तास माणसाच्या एका दिवसाएवढे सौम्य नसतात.