तुम्ही विचारलंत म्हणून: तो वीनासाठी परत का गेला नाही?

बडोद्यात एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन'चा (१८९५) विषय निघाला की प्रश्न ठरलेला: हाताशी काळयंत्र असताना त्यातला काळप्रवासी मागे जाऊन वीनाला, दूरच्या भविष्यात भेटलेल्या आणि तिथेच गमावलेल्या मैत्रिणीला, का वाचवत नाही? वर लगेच, 'लेखकाच्या लक्षातच आलं नसेल.' हे ऐकून आता वीट आलाय.

आधी यंत्र नीट बघा. ते उडी मारत नाही, आहे त्या जागेवरून काळात सरकतं. आपल्या सुरसागर तलावाच्या काठावरून निघालं तर हजारो वर्षांनीही त्याच काठावर थांबेल, तलावाच्या मधल्या शंकराच्या पुतळ्यापाशी नाही. पुस्तकात ते प्रयोगशाळेच्या आग्नेय कोपऱ्यातून निघतं आणि परततं वायव्येच्या भिंतीपाशी, कारण मॉरलॉकांनी, म्हणजे भविष्यात जमिनीखाली राहणाऱ्या जमातीने, तिकडे ते हिरवळीवरून उचलून स्फिंक्सच्या पुतळ्याच्या चौथऱ्यात नेलेलं असतं. जेवढं तिथे हललं, तेवढंच इथे. एवढा हिशेब ठेवणारा माणूस वीनाला विसरेल?

वीना हरवते ती रात्र पुन्हा वाचा. हिरव्या चिनी मातीचा महाल, म्हणजे तिथलं पडीक संग्रहालय, प्रवासी सात-आठ मैल धरतो, निघतो अठराच्या आसपास. परतताना रान गाठण्याआधीच अंधार पडतो. मॉरलॉक मागे लागू नयेत म्हणून तो स्वतःच जाळ करून पुढे निघतो. वीना मूर्च्छित पडते, तो तिला खांद्यावर घेतो, दिशा चुकते. पुन्हा शेकोटी पेटवून बसतो आणि त्याचा डोळा लागतो. जाग येते तेव्हा शेकोटी विझलेली, अंगावर मॉरलॉकांचे हात, काडेपेटी गेलेली. मागे सोडलेल्या जाळाचा तोवर वणवा झालेला. वीना सापडतच नाही. सकाळी विजारीच्या खिशात काही सुट्या काड्या हाताला लागतात. त्यांच्या भरवशावर तो चौथऱ्यात शिरतो, दार बंद होतं, काडी ओढतो, आणि ती पेटत नाही. फक्त स्वतःच्या पेटीवर घासली तरच पेटणारी ती जात. पेटी रानात गेली. यंत्र हाताशी असूनही वीना का मिळत नाही, ते मला या काडीत दिसतं.

पण हे दिसणं झालं, उत्तर नव्हे. पूर्वी मी ठासून सांगायचो की घडलेलं बदलता येत नाही. चुकत होतो, तो नियम नंतरच्या कथांचा, या पुस्तकात नाही. मग म्हणायचो, नेमका दिवस गाठणं अशक्य. यंत्राच्या तबकड्या दिवस, हजार दिवस, दहा लाख दिवस आणि शंभर कोटी दिवस मोजतात, वीनाचं साल इ. स. ८०२७०१ म्हणजे सुमारे २९ कोटी दिवस पुढे. तोही बचाव टिकत नाही. तिकडे आठ दिवस काढून तो निघाला त्याच दिवशी, रात्रीच्या जेवणाला हजर असतो! म्हणजे दिवस गाठता येतो. पुन्हा उतरायला हिरवळही मोकळी असते, आधीच्या फेरीतलं यंत्र पहिल्याच रात्री चौथऱ्यात गेलेलं.

आणि तो गेला नाही, असं तरी कुठे लिहिलंय? दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि पाठपिशवी घेऊन तो पुन्हा निघतो, तीन वर्षं उलटली तरी परतत नाही. वीनासाठीच गेला, असं मला मनापासून वाटतं. फक्त तिने त्याच्या खिशात घातलेली ती दोन पांढरी फुलं शेवटी निवेदकाकडे आहेत. तिच्याकडेच निघालेला माणूस ती मागे कशी ठेवेल, हे मला अजून सुटलेलं नाही.