सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो

स्मरणिका समितीचं पत्र कोर्टाच्या पत्त्यावर आलं. बार रूममध्येच उघडलं, आणि मग त्या दिवशीच्या तारखा संपेपर्यंत दुसऱ्या कशात मन लागेना. आपल्या शाळेला शंभर वर्षं होताहेत! दगडी इमारत, चौकातला कडुनिंब, दुष्काळात मधल्या सुट्टीला वाटलेली सुकडी, यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मला मोठ्या सरांवर लिहायचं आहे, आणि त्यातही त्यांनी शिकवलेल्या एका क्रियापदावर. पाटीवर चार बोटं उंचीची अक्षरं काढून सरांनी ते लिहिलं होतं, ‘प्रमाणित करणे’.

सर हेडमास्तर असूनही नववी-दहावीचा मराठीचा तास कधी सोडत नसत. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राजवटीत, उर्दूतून. मराठी घरातली, मोडी वडिलांकडून शिकलेली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, पुढे कचेऱ्यांची भाषा बदलली, आणि अर्ज-दाखल्यांची नवी मराठी सगळ्यांनाच नव्यानं शिकावी लागली. सर ती आम्हाला कवितेइतक्या गोडीनं शिकवायचे. वर्गात म्हणायचे, ‘‘जुन्या कागदावर तसदीक लिहिलेलं दिसेल. त्याच्या पोटात सिद्क आहे, म्हणजे खरेपणा. आपण तस्दी घेतो ती वेगळी, ती डोकेदुखीतून आलेली.’’ एवढं सांगून लगेच मराठीवर यायचे.

कळवणे, कथन करणे, साक्षांकित करणे, प्रमाणित करणे. ही चारही क्रियापदं आम्हाला तोवर एकसारखीच जड वाटायची. सरांनी ती सुटी करून दाखवली. ‘कळवतो’ म्हटलं की निरोप पोचवला, पुढची जबाबदारी तुमची नाही. ‘कथन करतो’ म्हणजे ही माझी बाजू, ती अजून तपासली जायची आहे. ‘साक्षांकित’ म्हणजे मूळ कागद मी पाहिला आणि ही नक्कल त्याच्याबरहुकूम आहे. मूळ कागदातला मजकूर खरा की खोटा, ते त्या सहीत येत नाही. आणि ‘प्रमाणित करतो’ म्हटलं की मजकुराच्या मागे तुम्ही स्वतः उभे राहिलात. म्हणून या क्रियापदाला कर्ता हवाच, असा त्यांचा आग्रह होता. ‘प्रमाणित करण्यात येते की’ अशी वाक्यं सरकारी कागदांत सर्रास असतात. सरांना ती खपत नसत. ‘‘कोण करतो? त्याचं नाव सांग,’’ म्हणायचे. ते स्वतः जे हातानं लिहून द्यायचे त्याची सुरुवात नेहमी ‘मी’ने व्हायची.

आता ती आडाची गोष्ट. माझ्या वर्गातल्या कुणालाही विचारा, प्रत्येकाला आठवते.

१९७२ चा दुष्काळ. सरांनी सगळ्यांना एकच वाक्य लिहायला सांगितलं, ‘मी प्रमाणित करतो की’ने सुरू होणारं. कुणी लिहिलं सूर्य पूर्वेला उगवतो, कुणी लिहिलं भारत माझा देश आहे. वाडीवरून चालत येणारा आमचा एक सोबती होता. त्यानं लिहिलं, ‘मी प्रमाणित करतो की आमच्या वाडीचा आड आटला आहे.’

सरांनी वाक्य वाचलं आणि विचारलं, ‘‘तू पाहिलास?’’

‘‘समदी वाडी म्हणतीया, सर.’’

‘‘मग तसं लिही. वाडीतले लोक म्हणतात की आड आटला आहे. हेही खरंच वाक्य आहे, बाळा. पण प्रमाणित करायचं असेल तर आधी पाहून ये.’’

सर रागावले नव्हते, हे आवर्जून सांगतो. त्या पोराच्या पायात चप्पल नव्हती, घरी काय चाललं होतं ते सरांना पुरतं ठाऊक होतं, आणि आड आटला असणार याबद्दल त्यांच्याही मनात शंका नव्हती. तरीही त्यांनी त्याला पाहायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो आला, पाटीजवळ गेला आणि आपणहून लिहू लागला. ‘मी प्रमाणित करतो की काल सांजच्याला मी आडात पोहरा सोडला. सगळा सोल संपला. पोहऱ्यात गाळ आला.’

सरांनी ‘सांजच्याला’ला हात लावला नाही. फक्त म्हणाले, ‘‘खाली तारीख घाल, आणि तुझं नाव.’’ त्यानं दोन्ही घातलं. वर्ग चिडीचूप होता. पहिल्या वाक्यात आणि या वाक्यात काय फरक पडला, ते सरांनी समजावून सांगितलं नाही. आम्हाला तो समोर दिसत होता. तोच धडा मी पुढे वकिलीच्या पुस्तकांतून शिकलो, पण तो माझ्यात रुजला तो त्या पाटीसमोर.

नकलांच्या बाबतीतही सर असेच होते. तेव्हा झेरॉक्स नव्हतं. गुणपत्रिकेची नक्कल हातानं उतरवायची आणि ‘खरी नक्कल’ म्हणून हेडमास्तरांची सही घ्यायची. सर मूळ कागद आमच्या हातात द्यायचे, आम्ही मोठ्यानं वाचायचं, आणि ते नकलेवरून बोट फिरवत जायचे. याला ते रुजवात म्हणायचे. मला तो शब्द पुन्हा भेटला तो थेट कोर्टाच्या नक्कल विभागात. एस.टी. निघायला आली आहे असं सांगून कितीही गयावया केली तरी रुजवात झाल्याशिवाय शाईच्या पॅडचं झाकण उघडत नसे.

टी.सी. देतानाही खालची ओळ मुलाकडून वाचून घ्यायचे. ‘वरील माहिती शाळेतील जनरल रजिस्टर नंबर १ प्रमाणे आहे.’ आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून. घरच्यांना नक्की सांगता येत नसे, पावसाच्या किंवा सणाच्या खुणेवरून वय धरलं जायचं, आणि नाव घालणारे गुरुजी ती तारीख टाकायचे. सर समजावून सांगायचे, की हा दाखला तू १ जूनला जन्मलास असं म्हणत नाही, रजिस्टरात तसं लिहिलंय एवढंच म्हणतो. पुढे वयाच्या नि जातीच्या दाव्यांत शाळेच्या या रजिस्टराच्या, म्हणजे प्रवेश-निर्गम उताऱ्यावर कितीदा वाद झाले, आणि दर वेळी मला सरांचं ते वाक्य उपयोगी पडलं.

मी परभणीला वकिली सुरू केली, पुढे नोटरी झालो. मुलगी आता दिवाणी न्यायाधीश आहे, हे सांगताना ऊर भरून येतो, कारण तिलाही ते आडाचं वाक्य पाठ आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ६, नियम १५ आहे. दाव्याखाली सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून देताना कोणत्या कलमांतला मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कोणता ऐकीव पण खरा मानलेला, ते कलमांचे आकडे घालून वेगळं सांगावं लागतं. वाडी म्हणते ते एका बाजूला, पोहऱ्यात आलं ते दुसऱ्या बाजूला! ज्युनिअर पोरं ‘सर्व मजकूर खरा व बरोबर’ असं एका दमात टाइप करतात, तेव्हा मी कागद परत देतो. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथेच्या जोडीला ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असा पर्याय आहे. निवडणुकीच्या शपथपत्रांतही तो येतो. देवाला साक्षी न ठेवणाऱ्यानंही आपल्या शब्दाचं वजन स्वतः उचलावं, अशी ती सोय. सरांना हे ‘दृढकथन’ फार आवडलं असतं.

२०१५ साली राज्यात स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकन आलं. गरिबाच्या लेकराला सहीसाठी दारोदार फिरावं लागत नाही, हे चांगलंच झालं. पण त्या घोषणापत्रात ‘माझ्या व्यक्तिगत माहिती व समजुतीनुसार खरी आहे’ असं वाक्य आहे, आणि माहिती खोटी निघाल्यास खटला भरला जाईल याची जाणीव असल्याचंही आहे. सेतू केंद्राबाहेर उभं राहून पाहा. पोरं ते न वाचता सही ठोकतात, फोटो चिकटवतात आणि निघतात. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती जुन्या दंड संहितेत होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. नव्वद टक्के पडलेल्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या वयात आम्हाला सर होते. मला या मुलांसाठी फार वाईट वाटतं.

समितीला एक विनंती आहे. आपल्या जनरल रजिस्टरचे सुरुवातीचे खंड उर्दूत आहेत, मागच्या खेपेला आलो तेव्हा एका खंडाच्या कडेला वाळवी लागलेली दिसली. २०२३ मध्ये निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांसाठी किती धावपळ झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. हे खंड शताब्दी वर्षातच स्कॅन करून घ्यावेत. खर्च मी करतो. उर्दू वाचणारे माझ्या ओळखीचे एक निवृत्त पेशकार आहेत, त्यांना घेऊन येतो, आणि पानागणिक रुजवात घ्यायला मी स्वतः बसतो. मुख्याध्यापकांनी सोयीची तारीख कळवावी. शनिवार असेल तर बरं, कोर्टाला सुट्टी असलेला.