प्रवेशापूर्वी एक दिवस हॅव्हरफर्डला

मार्च संपता संपता आमच्या मुलीच्या हातात दोन होकार होते. एक न्यू जर्सीच्या राज्य विद्यापीठाचा, म्हणजे रटगर्सचा, ज्याच्या न्यू ब्रन्सविकच्या एकट्या आवारात ३५ हजारांहून अधिक मुले पदवीचे शिक्षण घेतात आणि जे आमच्या एडिसनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दुसरा पेनसिल्व्हेनियातील हॅव्हरफर्ड या ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालयाचा, जिथे सगळे मिळून सुमारे १,४०० विद्यार्थी आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत निर्णय कळवून अनामत भरावी लागते, त्यामुळे आमच्याकडे जेमतेम महिनाभर होता. खरे सांगायचे तर माझा निर्णय आकडे पाहूनच झाला होता. हॅव्हरफर्डचा राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो आणि राज्यातील रहिवासी म्हणून आम्हाला रटगर्ससाठी त्याच्या निम्मेही भरावे लागणार नव्हते. मी स्वतः सांगलीत वर्षाला काही हजार रुपये भरून अभियंता झालो, त्यामुळे असला हिशेब माझ्या पचनी पडणे कठीणच होते. मुलीने वाद घातला नाही, फक्त एक अट घातली. नाही म्हणायचे असेल तर पाहून आल्यावर म्हणायचे.

त्यात ‘लिबरल आर्ट्‌स’ हे शब्द आमच्या नात्यागोत्यात घात करतात. कोल्हापुरात दादाला फोनवर सांगितले तेव्हा क्षणभर शांतता पसरली आणि मग त्याने हळूच विचारले, “पोरगी एवढी हुशार असून आर्ट्‌सला का घालतोयस?” या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, रसायन, गणित, संगणकशास्त्र हे सगळे शिकवतात, पहिल्या वर्षी विषयाची शाखा ठरवावी लागत नाही आणि पदव्युत्तर विद्यार्थी जवळजवळ नसल्याने वर्गावर साहाय्यकाऐवजी प्राध्यापकच येतात, हे मी त्याला समजावले. मात्र समजावताना माझ्याही लक्षात आले, की हे सारे मी माहितीपत्रकातून उचललेले आहे आणि त्यातले काहीही मी डोळ्यांनी पाहिलेले नाही.

पाहणे म्हणजे काय, याचा एक धडा आम्ही आदल्या ऑक्टोबरमध्ये घेतला होता. एका महाविद्यालयात (नाव घेत नाही) चाळीसजणांच्या घोळक्यातून आम्हाला तासभर फिरवले, व्यायामशाळेतील भिंत चढण्याची सोय दाखवली, नव्या वसतिगृहातील एक सजवलेली खोली दाखवली आणि शेवटी एक कापडी पिशवी हातात ठेवली. परत येताना तिथल्या एकाही वर्गात आपण डोकावलो नाही, हे मुलीच्याच ध्यानात आले. या वेळी म्हणून तिने हॅव्हरफर्डच्या प्रवेश कार्यालयाला आधी पत्र लिहून एका वर्गात बसण्याची परवानगी मिळवली, मी आर्थिक साहाय्य कार्यालयात अर्ध्या तासाची वेळ घेतली आणि वर्ग चालू असतात म्हणून मुद्दाम शुक्रवार निवडला. मुलांच्या सुट्टीच्या दिवशी किंवा रविवारी जाऊन रिकाम्या इमारती पाहण्याला काही अर्थ नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

गाडीने हा प्रवास दीड तासाचा आहे, पण मुलीच्या आग्रहावरून आम्ही आगगाडीने गेलो, कारण उद्या तिला एकटीला घरी यायचे झाले तर याच वाटेने यावे लागणार होते. मेट्रोपार्कहून ट्रेंटन, तिथे सेप्टा या फिलाडेल्फियाच्या वाहतूक संस्थेच्या गाडीत बसून फिलाडेल्फियाचे थर्टिएथ स्ट्रीट स्थानक आणि तिथून पाओलीच्या बाजूची उपनगरी गाडी, असे दोनदा बदलून आम्ही तीन तासांनी हॅव्हरफर्डच्या छोट्याशा स्थानकावर उतरलो. स्थानकापासून आवार दहा मिनिटांच्या चालीवर आहे. दर शनिवार-रविवारी येणे होणार नाही, पण दिवाळीला येणे जमेल, एवढा निष्कर्ष मुलीने फलाटावरच काढला.

हॅव्हरफर्डची स्थापना १८३३ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी केली आणि त्याचे २१६ एकरांचे आवार आज वृक्षोद्यान म्हणून सांभाळले जाते. झाडांना नावाच्या पट्ट्या आहेत, मधे बदकांचे तळे आहे आणि तळ्याकाठी शाळकरी मुले सायकली हाकत होती. ती कोणाची, असे विचारल्यावर परिसर दाखवणारी विद्यार्थिनी म्हणाली, की बरेच प्राध्यापक आवारातच राहतात आणि ही त्यांची मुले. पुढे गेल्यावर एका मोकळ्या मैदानापाशी मी थबकलो, कारण कडेला जाळ्यांत दोन मुले चक्क पॅड बांधून सराव करत होती. अमेरिकेत विद्यापीठीय दर्जाचा क्रिकेट संघ असलेले हे एकमेव महाविद्यालय आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी त्यांचा पहिला सामना १८६४ साली झाला आणि इथल्या ग्रंथालयात अमेरिकी क्रिकेटच्या इतिहासाचा स्वतंत्र संग्रहही आहे. आवाराची मूळ आखणी करणाऱ्या विल्यम कार्व्हिल या इंग्रज माळ्याने मुलांना हा खेळ शिकवला असे सांगतात. या माहितीचा प्रवेशाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी डावखुऱ्या मुलाचा पुढचा पाय चेंडूपर्यंत पोहोचत नाही हे पाहताना माझी पाच मिनिटे गेली आणि मुलीला मला हाताला धरून पुढे न्यावे लागले.

माझ्या डायरीत बावीस प्रश्न होते आणि त्यातले निम्मे नोकरी आणि पगाराविषयीचे होते. ते विचारायचे राहूनच गेले, कारण भोजनगृहाच्या दाराशी एक दृश्य दिसले. आतल्या बाजूला भिंतीलगत पाठीवरच्या पिशव्या, कोट, दोन-तीन लॅपटॉपसुद्धा जमिनीवर नुसते टाकलेले होते आणि त्यांच्याजवळ कोणीही नव्हते. एका पिशवीची चेन अर्धवट उघडी होती आणि तिच्यातून पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता. मी सवयीने इकडेतिकडे पाहिले. ती विद्यार्थिनी हसून म्हणाली, की जेवताना पिशव्या सगळे इथेच टाकतात.

या मोकळेपणाचे मूळ त्यांच्या ‘ऑनर कोड’मध्ये आहे. हे नियम व्यवस्थापनाने लादलेले नाहीत. विद्यार्थीच ते लिहितात, सर्वसाधारण सभेत मतदानाने दर वर्षी नव्याने संमत करतात आणि कोणी ते मोडले तर चौकशीलाही विद्यार्थीच बसतात. सत्रान्त परीक्षेची वेळ मूल आपली आपण ठरवते, ठरलेल्या दिवसांत कधीही जाऊन प्रश्नपत्रिका घेते, ठरवून दिलेल्या खोलीत बसून सोडवते आणि परत देते. पर्यवेक्षक नसतो. ज्याने बारावीला वर्गाच्या खिडक्यांबाहेर पोलीस उभे राहिलेले पाहिले आहेत, त्याला ही गोष्ट एका दमात खरी वाटत नाही. “आणि कोणी कॉपी केली तर?” हा प्रश्न मी विचारलाच. केल्याची उदाहरणे आहेत, ती प्रकरणे नावे गाळून सगळ्यांना वाचायला ठेवतात, असे ती म्हणाली. कोणी करतच नाही, असे उत्तर तिने दिले असते तर माझा विश्वास बसला नसता. आणखी एक रीत तिने जाता जाता सांगितली, की इथे मुले एकमेकांना गुण सांगत नाहीत आणि विचारतही नाहीत.

मुलगी वर्गात गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसून राहिलो. इतिहासाच्या त्या वर्गात चौदा विद्यार्थी होते, असे तिने नंतर सांगितले. प्राध्यापकांनी एक प्रश्न टाकला आणि जवळजवळ मिनिटभर कोणीच बोलले नाही. “बाबा, सरांनी स्वतः उत्तर नाही दिलं. ते नुसते थांबून राहिले.” मग एका मुलाने अडखळत सुरुवात केली, दुसरीने त्याला अडवले आणि तास संपेपर्यंत थांबणे झाले नाही. तिला ते मिनिट आवडले होते. शाळेत नेमक्या अशाच शांततेत हात वर करायला ती घाबरते हे मला ठाऊक होते. चौदाजणांत लपायला जागा नसते, तेव्हा हे तिला जड जाईल का, हा माझा प्रश्न मात्र मी मनातच ठेवला.

जेवताना ती दोन अनोळखी मुलींच्या टेबलावर जाऊन बसली आणि तिने त्यांना एकच गोष्ट विचारली, की तुम्हाला घ्यायचा होता आणि मिळाला नाही असा कोणता विषय आहे. बावीस प्रश्नांच्या माझ्या यादीत हा नव्हता आणि त्या दिवसातील सर्वांत उपयोगी माहिती याच प्रश्नाने दिली. लहान महाविद्यालयात विषय मोजके असतात आणि एखादे प्राध्यापक रजेवर गेले, की त्यांचा विषय वर्षभर शिकवला जात नाही, हे त्या मुलींनी आडपडदा न ठेवता सांगितले. त्यावर उपाय म्हणजे शेजार. मैलभरावरच्या ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयातील वर्ग इथली मुले घेऊ शकतात, दोन्हींमध्ये निळी बस फुकट धावते आणि स्वार्थमोर महाविद्यालय व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ इथले वर्गही खुले असतात. मात्र तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा अनुभव असा होता, की स्वार्थमोरला जाऊन येण्यात दुपार मोडते आणि प्रयोगशाळेचा तास त्याच वेळी आला तर तो विषय सोडावा लागतो.

आमच्या मुलीला शहरे कशी वाढतात, याचे वेड आहे. शहरांची वाढ आणि रचना हा विषय मुख्य म्हणून ब्रिन मॉरमध्ये शिकवतात आणि हॅव्हरफर्डचे विद्यार्थीही तो मुख्य विषय घेऊ शकतात, हे तिला तिथे जेवताना कळले. शिवाय चौथ्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. दुपारी आम्ही निळ्या बसने ब्रिन मॉरला जाऊन आलो. ते १८८५ साली सुरू झाले, म्हणजे आनंदीबाई जोशी जवळच फिलाडेल्फियात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षात होत्या तेव्हा. दगडी कमानींखालून चालताना मी हे मुलीला सांगितले आणि पुढच्याच मार्चमध्ये त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या, हेही. तिने ऐकून घेतले. दोन पावले पुढे जाऊन तिने विचारले, “आनंदीबाई कोणत्या स्टेशनवर उतरल्या असतील?”

आर्थिक साहाय्य कार्यालयातील अर्धा तास मात्र कोरडा आणि मोलाचा होता. हॅव्हरफर्ड गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाही, कुटुंबाची गरज ठरवून तेवढे साहाय्य देते. ही गरज ठरते ‘फाफ्सा’ या सरकारी अर्जाबरोबर ‘सीएसएस प्रोफाइल’ या दुसऱ्या अर्जावरून. पहिल्या अर्जात राहत्या घराची किंमत विचारत नाहीत, दुसऱ्यात विचारतात, आणि आमच्या गरजेचा आकडा मी केलेल्या अंदाजाहून कमी का आला, त्याचे एक कारण तिथे समजले. दुसरे कारण माझी चूक होती. विशेष परिस्थितीचा रकाना मी कोरा ठेवला होता, कारण कोल्हापूरला आईच्या औषधपाण्यासाठी दरमहा पैसे पाठवणे यात विशेष ते काय, असे मला वाटले. समोरच्या बाईंनी ते लेखी कळवायला आणि बँकेच्या पावत्या जोडायला सांगितले. धाकटा दोन वर्षांनी महाविद्यालयात गेला की काय होईल, हेही मी विचारले. दर वर्षी हिशेब नव्याने होतो, एवढेच उत्तर मिळाले आणि ते मी जसेच्या तसे टिपून घेतले. पावत्या पाठवल्यावर दहा दिवसांनी सुधारित पत्र आले. फरक पडला, पण रटगर्सचा खर्च तरीही कमीच राहिला.

परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. नंतरच्या आठवड्यात मी तिला रटगर्सलाही त्याच पद्धतीने नेले, वर्गात बसवले आणि जेवणाच्या टेबलावर तोच प्रश्न विचारायला लावला. तिथल्या मुलांना हवे ते विषय मिळत होते, फक्त काही वर्गांत नावनोंदणी सुरू होताच जागा भरत होत्या. हे कळल्यावर निवड अवघडच झाली, कारण दोन्हीकडे उणे काय आहे हे आता आम्हाला नावानिशी ठाऊक होते. शेवटी ३० एप्रिलच्या रात्री जेवण झाल्यावर तिने हॅव्हरफर्डची अनामत भरली. चार वर्षांचा हिशेब मी वहीत मांडून ठेवला आहे. त्यात नवी गाडी घेणे पुढे ढकलले आहे आणि उन्हाळ्यातील तिच्या कामाचे पैसेही धरले आहेत.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला फोन केला. आईने सगळे नीट ऐकून घेतले आणि नातीला विचारले, की त्या कॉलेजात पहिला नंबर कोणाचा येतो.

“आजी, तिथे कोणी कोणाला मार्क सांगतच नाहीत.”

आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “असं होय? मग पेढे कशाचे वाटायचे गं आम्ही?”