पांढरी चारचा सा

गेल्या श्रावणातली गोष्ट. बेळगावचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते, आणि आमच्या कामाला तो पाऊस अजिबात मानवत नाही. तबकड्यांच्या कागदी पाकिटांना बुरशी धरते, मशीनचे पट्टे ओढ घेतात. शहापुरात ज्या माडीवर वडील रेडिओ दुरुस्त करायचे, तिथेच मी आता जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेटी डिजिटल करून देतो.

त्या दिवशी सकाळी मशीनवर 'कॉल ऑफ द व्हॅली' होती. टिळकवाडीतल्या एका घरातली, १९६७ ची एचएमव्हीची एलपी. ही रेकॉर्ड माझ्याकडे आजवर पाच-सहा वेळा तरी आली असेल. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. लोक येतात आणि तीन नावं घेतात. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तबला कुणाचा, हे मी प्रत्येकाला विचारतो. अजून एकानंही सांगितलेलं नाही. माणिकराव पोपटकर. सगळी रेकॉर्ड त्या माणसाच्या हातावर चालते, संतूर आणि गिटार यांच्यामधून तो कुठेही आडवा येत नाही, आणि नाव ठाऊक नाही. ही रेकॉर्ड करवून घेणारे जी. एन. जोशीही असेच मागे राहिलेले. 'रानारानांत गेली बाई शीळ' गाऊन मराठी भावगीताला वाट करून देणारा हा गायक पुढे एचएमव्हीत काचेपलीकडे बसला आणि दुसऱ्यांचं गाणं टिपत राहिला. मला या माणसांविषयी फार वाटतं. असो.

अकराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, डोक्याला मफलर, गुडघ्यापर्यंत भिजलेलं धोतर. मागे एक पोरगा, त्याच्या डोक्यावर चादरीत बांधलेलं भलंमोठं गाठोडं. खानापूरकडच्या खेड्यातून पहिल्या एसटीनं आले होते. मराठी शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. इथे मी त्यांना मास्तरच म्हणतो.

"तुम्हीच का ते रेकॉर्डवाले? आमच्या आप्पांची एक रेकॉर्ड आहे. म्हणजे गाणं दुसऱ्याचं, पेटी आप्पांची."

पिशवीतून त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही काढली. पानांच्या जागी पाकिटं शिवलेली, एकेका पाकिटात एकेक तबकडी. आपण आज ज्याला अल्बम म्हणतो, तो शब्द या वहीवरूनच आला. फोटोंच्या अल्बमसारखी ही रेकॉर्डची वही. त्यात सीमाभागातल्या जुन्या घरात असतं ते सगळं होतं. मराठी नाट्यपदं, कानडी नाटकातली गाणी, अब्दुल करीम खाँसाहेब. ज्यांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही ठुमरी तबकडीवरून ऐकून गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन घर सोडून गेला, ते खाँसाहेब. पुढे त्याच पोराला गुरू मिळाले तेही खाँसाहेबांचे शिष्य, कुंदगोळचे सवाई गंधर्व. तीन मिनिटांच्या तबकडीत एवढी ताकद असते.

आप्पांची रेकॉर्ड शेवटच्या पाकिटात होती. दहा इंची, ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. लेबलवर गायकाचं नाव, खाली नाटकाचं नाव आणि 'यमन'. बस्स. पेटी कुणाची, तबला कुणाचा, एक अक्षर नाही.

अगदी कडेचा चिंचोळा भाग पांढुरका, चरबट झालेला. मी विचारलं तर मास्तर खाली बघू लागले. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानात त्यांनी ती दिली होती. त्या माणसानं स्पिरिटच्या बोळ्यानं खसाखसा पुसली. ७८ ची रेकॉर्ड लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या सुतारालासुद्धा हे ठाऊक असतं. सुरुवातीची चार-पाच वळणं त्यात गेली. मला त्या क्षणी खरंच राग आला, अजूनही येतो. ज्या वस्तूची दुसरी प्रत मिळायची नाही, तिला हात लावण्याआधी ती कशाची बनलीय एवढं तरी विचारावं.

डिस्टिल्ड वॉटर, त्यात साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. वाळल्यावर जाड सुई लावली. एलपीची बारीक सुई ७८ च्या खाचेत तळाला बसते आणि नुसती खरखरते, तिथे साधारण तिप्पट जाडीची लागते. पूर्वी फोनोची पोलादी पिन आणि जड डोकं या खाचेवरून शेकडो वेळा गेलेलं असतं. पण खाचेच्या दोन्ही भिंती सारख्या झिजत नाहीत. एकेक भिंत वेगळी ऐकून बघितली. आतल्या बाजूची चांगली निघाली. तीच घेतली.

आणि गाणं लागलं. विरघळलेल्या भागात आधी नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज, मग त्यातून पेटी वर आली. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले, पण थोड्या वेळानं मान हलवू लागले.

"हे आप्पाच. पण घाईत आहेत. आप्पा असे घाईत वाजवत नव्हते."

मी सुराची उंची दाखवणाऱ्या ट्यूनरवर बघितलं. गायकाचा सा पांढरी चार आणि काळी तीन, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी पांढरी पट्टी आणि तिच्या शेजारची तिसरी काळी, यांच्या बरोबर मधे पडत होता. तानपुऱ्यावर गाणारा असा मधला सा लावू शकतो. पण पेटीला मधली पट्टी नसते. पेटीवाला साथीला आहे म्हणजे सा कुठल्यातरी पट्टीवरच असणार. तेव्हा चूक वेगाची. सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वरच कापलेल्या नसतात. काही कंपन्यांच्या लेबलवर तर ८० असंच छापलेलं असायचं. मी वेग ८० च्या जरा वर नेला. सा काळी तीनवर चोख बसला, आवाज तेजस्वी झाला. मला ते पटलं. मास्तरांना नाही.

"पांढरी चार," ते म्हणाले. "या गाणाऱ्या बुवांना आप्पा पांढरी चार धरायचे."

"मास्तर, तेव्हा तुमचा जन्म तरी होता का?"

"नव्हता. पण पेटी होती की."

त्यांनी चादरीची गाठ सोडली. नाटक कंपनीची जुनी पायपेटी वगैरे असेल असं मला वाटलं होतं. होती ती साधी हातपेटी, काळवंडलेली, भात्याला दोन ठिकाणी कातड्याची ठिगळं. मास्तरांनी माझं बोट धरून पट्ट्यांवर ठेवलं. पांढरी चारच्या पट्टीवर, मधोमध, एक खळगा. बोटाचं पेर आरामात बसेल एवढा. शेजारच्या काळी तीनची कड मात्र जवळजवळ नवी.

पट्टी झिजली म्हणून काही सिद्ध होत नाही, हे मी बोललो. पेटी पुढेही वाजलीच असेल. मास्तरांना राग नाही आला, शाळेत पोराला समजावतात तसं ते सांगू लागले. आप्पांनी ही पेटी त्या बुवांसाठी मिरजेहून सूर लावून आणली होती. गंधार ट्यूनिंग. नेहमीच्या पेटीचा गंधार, म्हणजे ग, तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो, कारण तिथे बाराही स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. एकाच सा मधून गाणाऱ्यासाठी कारागीर सूर घासून त्या सा चा गंधार, निषाद उतरवून देतो. मग त्या सा मधून पेटी गोड लागते आणि दुसऱ्या पट्टीतून धरली की बिघडते.

हे ऐकल्यावर मला पुढचं दिसलं. रेकॉर्डमधली पेटी हीच असेल, तर नुसता सा जुळून भागणार नाही. गंधारही जुळला पाहिजे, आणि तो एकाच वेगावर जुळेल.

"काय करूलास बे, फॅन बंद कर की!" मी दुकानातल्या पोऱ्याला ओरडलो. खिडक्या लावल्या. मास्तर खाली सतरंजीवर बसले आणि भाता हलवला.

आधी काळी तीन. सा जुळला. गाणारा गंधारावर थांबतो ती जागा मी पुन्हा पुन्हा फिरवली, मास्तरांनी त्या सा चा गंधार, म्हणजे काळी पाच दाबली. दोन सूर किंचित वेगळे असले की येते तशी भुंग्यासारखी लाट घोंगावू लागली. पेटी चढी, रेकॉर्ड उतरलेली. मग वेग खाली आणत गेलो. ७७. ७६.५. ७६. मास्तरांचं बोट आता त्या खळग्यात होतं. लाट मंदावत गेली, लांब होत गेली, आणि ७५.८ वर थांबली. दोन पेट्यांची एक झाली. "आता गंधार," मी म्हणालो. त्यांनी पांढरी सहा दाबली.

लाट आलीच नाही.

ऐंशी-नव्वद वर्षांत पेटीचे सूर थोडे इकडेतिकडे सरकतात, तसे हिचेही सरकले असणार. निषादाला किंचित फरक राहिला. पण गंधार लागल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. मी इतकी वर्षं हे काम करतोय, रेकॉर्डचा वेग ठरवायला खुद्द रेकॉर्डमधलंच वाद्य समोर येऊन बसलंय, असं पुन्हा घडेल असं वाटत नाही.

मग पूर्ण गाणं लावलं. आवाज भरदार झाला होता. बुवा आता पोरसवदा वाटत नव्हते, चांगले चाळिशीतले वाटत होते. आणि पेटीला दम आला होता. ७८ वर जी सुरावट टपटप पडत होती, ती इथे गाणाऱ्याच्या मागून एका पावलावर चालत होती. त्यानं श्वास घेतला की ही जागा भरायची, त्यानं तोंड उघडलं की बाजूला. मास्तर साथीला वाजवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी भाता मिटला होता आणि दोन्ही हात पेटीवर ठेवून नुसते ऐकत होते.

फाईल करताना मी वेग, सुई, सा, सगळं लिहून ठेवतो. त्या दिवशी नव्या पाकिटावर गायकाच्या नावाखाली 'पेटी' असं लिहून मास्तरांना पूर्ण नाव विचारलं. त्यांनी पेन स्वतःच्या हातात घेतलं आणि फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात, शिरोरेषा न मोडता, नाव लिहिलं. तबलजीचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती ओळ मी कोरी ठेवली आहे. खानापूर, नंदगड भागात त्या काळच्या नाटक कंपनीची आठवण सांगणारं कुणी भेटलं की विचारतो.

निघताना त्यांनी विचारलं, "आधी केवढं होतं आणि आता केवढं झालं?"

"आधी तीन मिनिटं दहा सेकंद. आता साडेपाच सेकंद जास्त."

त्यांनी मान डोलावली. पावसाचा जोर कमी झाला होता. पोरानं गाठोडं डोक्यावर घेतलं, मास्तरांनी वही पोटाशी धरून वरून मफलर गुंडाळला, आणि दीडची एसटी चुकू नये म्हणून दोघं जिना उतरून गेले.