खालच्या टीममधली पोरं

पिट्सबर्गमध्ये राहून बेसबॉलचा नाद लागला की दोनच मार्ग उरतात. एकतर रोज संध्याकाळी गावच्या पायरेट्स टीमची मॅच लावून चिडचिड करत बसायचं, नाहीतर त्यांच्या खालच्या टीम्समध्ये कोण पोरं तयार होतायत ते बघत बसायचं. मी दुसरा धरलाय. पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे वरच्या लीगची फायनल, शेवटची जिंकली 1979 ला, आणि 1993 ते 2012 अशी सलग 20 वर्षं तर प्रत्येक सीझनला जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त. आता अशा गावात आशा ठेवायचीच म्हटली तर ती खाली कुठेतरी, अजून दाढी नीट न फुटलेल्या पोरांवरच ठेवावी लागते ना.

नवरा म्हणतो, "अगं, वरची टीम हरतेय ती तरी बघ, ही कोण कुठली पोरं!" त्याला काय सांगणार. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत माझे चार स्कोअर बघून होतात. चार, कारण खाली चार पायऱ्या आहेत. फ्लोरिडातलं ब्रेडेंटन म्हणजे सिंगल ए, मग ग्रीन्सबरो हाय ए, मग अल्टूना डबल ए, आणि वरच्या दाराशी इंडियानापोलिस, ट्रिपल ए. याच्याही खाली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सतरा-अठरा वर्षांची पोरं खेळतात, पण तिथवर मी पोचले तर घरात स्वयंपाक व्हायचा नाही.

या पोरांना मार्क देतात ते 20 ते 80 मध्ये. पळणं इतके, थ्रो इतके, पॉवर इतकी, आणि 50 म्हणजे वरच्या लीगमधला चारचौघांसारखा खेळाडू. लग्नाच्या बायोडाटासारखंच वाटतं मला ते, वर्ण, उंची, पगार सगळं लिहिलेलं आणि माणूस कसा निघेल ते देवालाच माहीत. 1991 ला यांकीजनी ब्रायन टेलर नावाच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) पहिल्या नंबरवर घेतलं, साडेपंधरा लाख डॉलर दिले, आणि दोन वर्षांनी कुठल्याशा मारामारीत त्याचा खांदा गेला, वर कधी आलाच नाही. उलट माइक पियाझाला 1988 ला घेतला तो 62 व्या राउंडमध्ये, घ्यायचा म्हणून घेतल्यासारखा, आणि तो गेला थेट हॉल ऑफ फेममध्ये.

अल्टूना आमच्याकडून गाडीने दोनेक तास. रेल्वेचं जुनं गाव, आणि ग्राउंडच्या राइट फील्डच्या मागे चक्क रोलर कोस्टर उभा आहे. तिथे पुढच्या रांगेत बसलं की पोरांच्या पँटला लागलेली माती दिसते, आउट होऊन परत येताना स्वतःशीच काय पुटपुटतायत तेही ऐकू येतं. मॅचआधी रेलिंगपाशी लहान मुलं बॉल पुढे करतात आणि ही जरा मोठी मुलं जीभ बाहेर काढून, एकाग्र होऊन सही करतात, सही अजून बसायचीय हे लगेच कळतं. आणि गंमत अशी की स्कोअरबोर्डाकडे फारसं कोणी बघत नाही. म्हणजे जिंकलं तर आनंदच, पण इथे येणारा प्रत्येक जण इथून जायलाच आलेला असतो, जो चांगला खेळेल तो लगेच वर जाणार, आणि जो तिसऱ्या वर्षीही इथेच दिसतो त्याचं काहीतरी अडलंय. अल्टूनाच्या लोकांना खरं तर वाईट खेळणारेच जास्त दिवस लाभतात, बिचारे तरी दर उन्हाळ्यात येतात.

2025 मध्ये कॉनर ग्रिफिन नावाच्या 19 वर्षांच्या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) तर कहर केला. एका सीझनमध्ये ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना तिन्ही पायऱ्या चढला, अॅव्हरेज .333, वर 21 होम रन आणि 65 बेस चोरलेले, म्हणजे बॅटरने बॉल न मारताच पुढच्या बेसवर पळून गेलेला. मी सकाळी फोन उघडायचे तर आधी हा आज कुठल्या गावात आहे ते शोधायला लागायचं. त्याच्या आदल्या वर्षी पिचर पॉल स्कीन्स. त्याला इंडियानापोलिसमध्ये मुद्दाम थोड्या थोड्या इनिंग्ज टाकायला द्यायचे, हात जपायचा म्हणून, आणि ERA आला 0.99, म्हणजे नऊ इनिंग्जला एक रनसुद्धा नाही. मे 2024 ला वर आणला, आणि 2025 ला लीगमधल्या सगळ्यात भारी पिचरचं साय यंग अवॉर्ड घेतलं त्याने, पण त्या वर्षी त्याच्या नावावर जिंकलेल्या मॅचेस 10 आणि हरलेल्याही 10, कारण आमचे बॅटर रन काढतील तर शपथ. खाली होता तेव्हाच बरं होतं असं मी म्हणाले तर नवऱ्याने कोपरापासून हात जोडले.

फ्लोरिडात, सिंगल ए च्याही खालच्या पायरीवर आपले दोघं पण होते हं. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे, टीव्हीवरच्या बॉल फेकायच्या स्पर्धेतून निघालेले, 2008 ला पायरेट्सनी साइन केले. दिनेशचं 2010 पर्यंतच चाललं, रिंकू सिंगल ए पर्यंत पोचला, मग दुखापती, आणि पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला.

पैशाचं तर विचारूच नका. 2023 ला खालच्या खेळाडूंच्या युनियनचा पहिला करार झाला तेव्हा ट्रिपल ए चा पगार वर्षाला कमीत कमी 35,800 डॉलर झाला, आधी तो याच्या निम्मा होता. त्याच वर्षी वरच्या लीगमध्ये कमीत कमी 7,20,000. एका फोनकॉलचं अंतर, आणि पगार वीसपट.

तो फोन ड्रू मॅगीला 2023 च्या एप्रिलमध्ये आला. 2010 ला पायरेट्सनीच घेतलेला, मग कुठल्या कुठल्या टीमसाठी खाली खेळत फिरला, 13 सीझन, 1155 मॅचेस. मध्ये 2021 ला मिनेसोटाने वर बोलावला आणि बेंचवर बसवून परत पाठवला. आम्हा मराठी माणसांना हे दुखणं अमोल मुजुमदारमुळे ओळखीचं, सचिन-कांबळी 664 करत होते तेव्हा पॅड बांधून बसलेला, रणजीच्या पहिल्याच मॅचला 260 काढले आणि इंडियाची कॅप काही मिळाली नाही. मॅगी 33 वर्षांचा, अल्टूनातून वर आणलेला, 26 एप्रिलला डॉजर्सविरुद्ध आमच्या लाडक्या मॅकचनच्या जागी बॅटिंगला आला आणि अख्खं पीएनसी पार्क, पायरेट्सचं ग्राउंड, उभं राहिलं, लोक नुसते त्याच्या नावाने ओरडतायत. आणि तो स्ट्राइकआउट झाला.

मी ती क्लिप नवऱ्याला दाखवली, डोळे पुसत पुसत. तो म्हणाला, "अगं पण आउटच झाला की!" झाला ना. तीन दिवसांनी वॉशिंग्टनला हिट पण मिळाली, ती मात्र मी एकटीनेच बघितली, त्याला नाही दाखवली.