ओट्स आहेत ना त्यात!

कुठल्याही खाऊच्या नावाआधी ‘ओट्स’ लागलं की आपला हात सैल सुटतो. चिवडा ओट्सचा असेल तर वाटीभर जास्त, चकली ओट्सची असेल तर वर आणखी एक. आमच्याकडे साखर काठावर असलेले सासरेही चॉकलेट चिप कुकीजच्या डब्यापाशी चष्मा न शोधता पोचतात आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वतःच जाहीर करतात, “ओट्स आहेत ना त्यात!”

आहेत. पण किती, ते एकदा हिशेब मांडून बघावं. ओट्समधला जो विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल खाली आणायला हातभार लावतो, तो बीटा-ग्लुकन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायची मुभा दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जाईल हे धरून. तेवढं मिळायला साधारण ७५ ग्रॅम ओट्स लागतात. माझ्या एका घाण्यात ओट्स ९० ग्रॅम आणि कुकीज १८. म्हणजे हृदयाची काळजी म्हणून खायच्या तर रोज १५ तरी हव्यात. सासऱ्यांना हे ऐकवलं, तर म्हणाले, “बघ, मी दोनच खातो.”

हलक्या कुकीजच्या बहुतेक कृतींचा पहिला राग लोण्यावर असतो. लोणी काढा, केळं कुस्करून घाला. साखर काढा, खजूर घाला. मैदा काढा, कणीक घाला. कणकेचं मी लगेच मान्य केलं, चव उलट चांगलीच येते. पण लोणी ओव्हनमध्ये नुसतं बसून राहत नाही. ते वितळतं म्हणून कुकी पसरते, कडेला कुरकुरीत होते आणि मधे जराशी मऊ राहते. केळ्यात तीन चतुर्थांश पाणीच. त्याची वाफ होते आणि ट्रेमधून बाहेर येतो तो छोटासा, फुगीर, ओलसर केक. वाईट नसतो, पण मग त्याला कुकी म्हणायचा हट्ट कशाला? शिवाय सगळ्याला केळ्याचा वास. केळी पिकली तर आपल्याकडे शिकरण आहे.

मी लोणी ठेवते, फक्त नेहमीच्या प्रमाणाच्या जवळजवळ निम्मं. ९० ग्रॅम ओट्स, ६० ग्रॅम कणीक, त्याला ६० ग्रॅम अमूल बटर. ते खारं असतंच, वेगळं मीठ नको. ६० ग्रॅम गूळ, बारीक किसलेला. गूळ साखरेपेक्षा हलका असतो या समजात अर्थ नाही, उष्मांक दोन्हीचे जवळपास सारखे. तो घालायचा चवीसाठी, आणि कुकी आतून कोरडी पडू नये म्हणून. एक अंडं, गुरुवार असेल तर त्याऐवजी दोन-तीन चमचे दही. पाव चमचा खायचा सोडा. लोणी कमी असल्यामुळे गोळे आपणहून फार पसरत नाहीत, ते बोटांनी चपटे करून ठेवायचे. १७५ अंशांवर १२ मिनिटं. बाहेर काढताना त्या कच्च्या वाटतात. वाटू द्याव्यात, ट्रेवर गार होताना घट्ट होतात.

लोणी आणि गोड कमी केल्यावर चव कुठून आणायची? ओट्स आधी भाजून घ्यायचे. कोरड्या कढईत, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत. भाजणी करणाऱ्या, रवा भाजणाऱ्या घरात हे कोणी शिकवावं लागत नाही, तरी ओट्सचं पाकीट हातात आलं की आपण ते औषधासारखं थेट भांड्यात ओततो. भाजलेल्या ओट्सना अक्रोडाच्या जवळ जाणारी चव येते आणि गूळ कमी आहे हे जिभेच्या लक्षातही येत नाही.

चॉकलेटचं तसंच. तयार चिप्समध्ये कोको बटर कमी असतं, म्हणून त्या भाजल्यावरही टोकदार राहतात. स्वस्तातल्या चिप्समध्ये तर त्याऐवजी वनस्पती तेलच असतं. त्यापेक्षा डार्क चॉकलेटची वडी सुरीने चिरावी. काही तुकडे मोठे राहतात, काहींचा भुगा होतो, आणि तो भुगाच सगळ्या गोळ्यात पसरतो. १८ कुकीजना ५० ग्रॅम पुरतं.

आता लोणी ‘खोलीच्या तापमानाला’ आणण्याबद्दल. कोणाच्या खोलीच्या? कृती लिहिणाऱ्याची खोली २० अंशांची असते. गोरेगावात मे महिन्यात ३३ अंशांना लोणी ओट्यावर ठेवून फोन घ्यायला गेलं, तर परत येईपर्यंत त्याचं तेल व्हायला लागतं. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं पुरेत, आणि थापलेले गोळेही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेले बरे.

या सगळ्याची बेरीज केली तर एका कुकीला ८५-९० उष्मांक पडतात. हे ऐकून लोक खूश होतात, पण यातलं खरं श्रेय ना गुळाचं, ना ओट्सचं. एक कुकी जेमतेम २० ग्रॅमच्या गोळ्याची आहे, एवढंच. हेच मिश्रण घेऊन मॉलमध्ये मिळते तशी तळहाताएवढी, ८० ग्रॅमची कुकी थापली, तर ती तीनशेच्या पुढे जाईल, ओट्ससकट.

चॉकलेट चिप कुकी जन्मली तेव्हा लहानच होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी टोल हाउस नावाची खानावळ चालवणाऱ्या रूथ वेकफिल्ड यांनी १९३० च्या दशकात ती केली. या बाई आधी आहारतज्ज्ञ म्हणून काम करत, हे मला फार आवडतं. त्यांच्या कृतीत लोणी पेलाभर, साखर दीड पेला, काटकसर कुठेच नाही. पण मिश्रण ट्रेवर घालायचं ते अर्ध्या-अर्ध्या चहाच्या चमच्याने, आणि एवढ्यात कुकीज व्हायच्या शंभर. लोणी तेव्हाही होतंच, नंतर वाढला तो आकार.

आपल्या नानकटाईनेही हे पथ्य पाळलं होतं. सासूबाई सांगतात, सुट्टीत रवा-मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, तिथे नंबर लावून पत्र्याचे ट्रे भरून घ्यायचे आणि गरम डबा सांभाळत घरी यायचं. गोळा मोठ्या सुपारीएवढा. तूप भरपूर, पण चहाबरोबर पानात दोनच. (त्या लाकडाच्या भट्ट्यांना आता उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशामुळे गॅस किंवा वीज जवळ करावी लागते आहे. धूर कमी होईल हे चांगलंच, पण सासूबाईंना त्या भाजणीचा भरवसा वाटत नाही.)

तेव्हा आमच्याकडेही नियम तोच: गोळा सुपारीएवढा, माणशी दोन. मुलीने त्यावर तोड काढली आहे. ट्रे लावायचं काम ती हौसेने मागून घेते आणि आपल्या बाजूचे गोळे इतके चिकटून ठेवते, की भाजताना दोनाची एक होते. वाटणीच्या वेळी ती एक म्हणूनच मोजायची असते, आणि आजोबा तिच्या बाजूने साक्ष देतात.